सूर्य आमचा, गायरान कुणाचं?

परवा तिसरी पाळी करून खोलीवर आलो. झोप येईना. म्हणून आपल्याच अनियतकालिकाचे मागचे अंक काढून बसलो आणि कवितांतले सूर्य मोजायला लागलो. हाताची बोटं संपली, पायाची संपली, सूर्य काही संपेनात. उगवणारे सूर्य, झाकोळलेले सूर्य, मुठीतले सूर्य, छातीत पेरलेले सूर्य. माझ्या स्वतःच्या चार कवितांत पाच निघाले. तेव्हा पुढे जे लिहिणाराय ते कुणावर दात ठेवून नाही. पहिला आरोपी मीच.

सूर्य आपल्याकडं कुठून आला हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. बाबासाहेबांना दुसरी कुठली उपमा द्यायची, हे आपल्या आधीच्या पिढीला सुचलं नाही, आणि सुचायची गरजही नव्हती. पहाटे उठून अर्घ्य देणाऱ्यांचा सूर्य वेगळा, आपला वेगळा. त्यांना तो देव. आपल्याला तो रस्ता दाखवणारा माणूस. शब्द उसना नाही, कमावलेला आहे. पण कमावलेला शब्दही वापरून झिजतो. रिंगफ्रेमवर काम करणाऱ्याला हे कळेल. ट्रॅव्हलर म्हणजे नखाएवढी लोखंडी कडी. ती झिजली की धागा तुटायला लागतो. लांबून बघणाऱ्याला साचा मात्र चालूच दिसतो. आपल्या कवितेतला सूर्य असा झिजलेला ट्रॅव्हलर झालाय. साचा चालू आहे, सूत निघत नाही.

हे मला अचानक का सुचलं? कारण माझ्या मामाच्या गावात सूर्य आला. कवितेतला नव्हे. गट नंबरावर आला.

मामाचं गाव मराठवाड्यात आहे, नाव सांगत नाही, कारण मामाला तिथंच राहायचंय. गावाच्या उगवतीला गायरान. सातबाऱ्यावर मालक 'सरकार', वापर 'गुरचरण'. त्यातला अडीच एकर तुकडा माझ्या आज्यानं शहाऐंशी साली फोडला. दगड वेचले, बांध घातला, पहिल्या साली ज्वारी पेरली. गावानं दोनदा गुरं सोडली. तिसऱ्यांदा आज्या आणि वस्तीतली सात-आठ माणसं काठ्या घेऊन रात्रभर बसली, तेव्हा थांबलं. तलाठी यायचा, दंडाची पावती फाडायचा. आज्या दंड भरायचा आणि पावती पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. लोक हसायचे, म्हातारा दंडाच्या पावत्या जपतोय, जशा काय मेडलच्या! पण म्हातारा अडाणी असून शहाणा होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की दंड ज्याच्या नावानं, कसणारा तोच. उद्या जमीन नावावर करायची म्हणलं तर हाच पुरावा.

मागच्या हंगामात मोजणीवाले आले. खुंट्या ठोकल्या, चुना ओतला. मामानं विचारलं, काय चाललंय? उत्तर आलं, "सोलर होणाराय, काका. सरकारी जागा उपलब्ध आहे."

उपलब्ध. मित्रांनो, या एका शब्दावर समीक्षा लिहायला बसलोय मी. बाकी सगळं ओघानं.

आधी योजना काय ते बघू, नाहीतर कुणी म्हणेल गिरणीवाल्याला माहिती नसताना बडबडतोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि २०२३ साली २.० नावानं मोठी झाली. शेतीपंपाला जे फिडर वीज देतात ते सूर्याच्या विजेवर न्यायचे. त्यासाठी उपकेंद्राच्या आसपास जमीन घ्यायची, तिथं पॅनल उभे करायचे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल. २०२५ पर्यंत निदान ३० टक्के शेती फिडर असे करायचे, असं तेव्हा ठरवलं होतं. जमीन खाजगी असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यावर दर साल ३ टक्के वाढ. जमीन सरकारी असेल तर ती नाममात्र भाड्यानं. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं.

योजना वाईट आहे का? नाही. रात्री बारा वाजता पाणी द्यायला गेलेला माणूस साप चावून मरतो, थंडीत गारठून मरतो, हे मी खेड्यातलाच असल्यानं जाणतो. दिवसा वीज पाहिजेच. कोळशाचा धूर कमी झाला तर सगळ्यात आधी राखेच्या तळ्याशेजारी राहणाऱ्याची छाती मोकळी होईल, आणि तिथं कोण राहतं ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मी सोलरच्या विरुद्ध नाही. कुणी तसं छापलं तर ती चहाडी समजा.

पण आता हिशोब लावा. ज्याच्या नावावर जमीन त्याला हेक्टरी सव्वा लाख. ज्यानं पस्तीस-चाळीस वर्षं गायरान कसलं त्याला? तो हिशोबातच नाही. तो 'अतिक्रमणधारक'. आणि वीज कुठं जाणार? शेतीपंपाला. पंप कुणाकडं? ज्याच्याकडं विहीर. विहीर कुणाकडं? ज्याच्याकडं सातबारा. माझ्या मामाकडं पंप नाही, विहीर नाही, सातबारा नाही. त्याच्या रानावर पडलेलं ऊन तारेतनं निघून पाटलाच्या विहिरीवर जाणार. पाटलाचा ऊस भिजणार आणि मामा तोच ऊस तोडायला कोयता घेऊन जाणार.

इथं मला दया पवार आठवतात. धरण बांधणाऱ्या बाईचं गाणं त्यांनी लिहिलं. ते गाणं इथं छापत नाही, तुम्ही वस्तीवर, मोर्च्यात म्हणलेलं आहे. त्यात ते धरणाला शिव्या देत नाहीत, निसर्गाची हळहळही करत नाहीत. धरण कुणाच्या हातांनी उभं राहिलं आणि पाणी कुणाकडं वळलं, एवढाच हिशोब एका बाईच्या तोंडून मांडतात. म्हणून ते गाणं आज पन्नास वर्षांनीही कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा खरं वाटतं. पाण्याबद्दल आपल्या कवितेनं हे केलं, कारण पाणी आपल्याला नाकारलं गेलं होतं. पाण्याला चवदार तळं होतं, तारीख होती, २० मार्च १९२७. उन्हाचं तसं नव्हतं. ऊन कुणी नाकारलं नव्हतं. महारवाड्यावर ऊन गावापेक्षा जास्तच पडत होतं, कारण झाडं गावात होती. त्यामुळे आपण सूर्य बिनधास्त प्रतीक म्हणून वापरला. त्याचा कधी सातबारा निघेल असं वाटलंच नाही. आता निघाला. आणि आपल्या कवितेत अजून सूर्य उगवतोयच, मुठीतनं, छातीतनं. गायरानावर उगवलेला एकही सूर्य मला मागच्या अंकांत सापडला नाही. ही आपली चूक आहे, आणि ती भाषेची चूक नाही, बघण्याची चूक आहे.

आता तो 'उपलब्ध'. कुणाला उपलब्ध? कुणी पाहिलं की तिथं कुणी नाही? व्याकरणात ज्याला कर्ता म्हणतात तो या भाषेत कुठंच नसतो. जमीन 'उपलब्ध आहे'. परिणाम 'नगण्य आहेत'. जागा 'पडीक आहे'. निर्णय 'घेण्यात आला आहे'. कुणी घेतला रे भडव्या, नाव सांग की! आपण कविता लिहितो तेव्हा प्रस्थापित समीक्षक म्हणतात की तुमच्यात आक्रोश फार, 'मी' फार. अहो, आमच्यात निदान 'मी' आहे. तुमच्या कागदात माणूसच नाही. पडीक म्हणून लिहिलेल्या जमिनीत मामाची तूर उभी होती. कागदात ती दिसत नाही, कारण कागदानं आधी तिचं नाव ठरवलं आणि मग बघितलं. आपल्याला हे नवीन नाही. आपलं नाव काय ते आपल्याला न विचारता ठरवण्याची रीत या देशात फार जुनी आहे.

गायरानाचा इतिहासही या 'उपलब्ध'मध्ये पुसला जातो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मग ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला, तुरुंग भरले. मागणी साधी, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. मराठवाड्यात पुढं एकनाथ आवाडांनी गायरानावर लढा उभा केला. २८ नोव्हेंबर १९९१ ला शासनाचा निर्णय निघाला की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात दलित-आदिवासी भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची. शेवटची तारीख बघा, १४ एप्रिल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची भेट होती ती. माझ्या आज्याचं शहाऐंशी साल त्यात बसतं. पण तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये नोंद पाहिजे. दंड घेतला, पावती दिली, नोंद केलीच नाही. पेटीतल्या पावत्या निघाल्या दोन. बाकीच्या वाळवीनं खाल्ल्या.

पुढं २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं जगपालसिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्या निकालात अपवाद आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनानं रीतसर दिलेली जमीन नियमित राहू शकते. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं गायरानं मोकळी करायला सांगितलं, गावोगाव नोटिसा निघाल्या. गायरान वाचवा म्हणणाऱ्या पर्यावरणप्रेमींना बरं वाटलं. मी त्यांचे लेख वाचलेत. माळढोक, लांडगा, गवताच्या जाती, सगळं येतं. गवतात उभा राहून दंडाची पावती घेणारा माणूस येत नाही. आला तर 'मानवी हस्तक्षेप' या नावानं येतो. आणि गंमत बघा, कसणाऱ्याला हटवून मोकळं केलेलं गायरान मग लगेच 'उपलब्ध' होतं. म्हणजे गुरांसाठी हटवलं, पण गुरंही आली नाहीत. पॅनल आले.

इथं कुणी कार्यकर्ता म्हणेल, की कायद्यात लोकांना विचारायची सोय आहे, लोकसुनावणी असते. असते. पण कशाला असते ते बघा. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणामांची अधिसूचना आहे. तिच्या यादीत कोळशाचं वीजकेंद्र आहे, खाण आहे, धरण आहे. सौर पॅनलचा प्रकल्प नाही, पवनचक्की नाही. का, तर धूर नाही. धूर नाही म्हणजे बाधा नाही, बाधा नाही म्हणजे बाधित नाही. त्यात जमीन सरकारचीच, तेव्हा भूसंपादनही नाही. मामा कुठल्याच दारातून आत जाऊ शकत नाही, कारण दारच ठेवलेलं नाही.

बरं, जिथं दार आहे तिथं काय होतं? मी एकदा एका औष्णिक केंद्राच्या लोकसुनावणीला मित्रांबरोबर गेलो होतो. मंडप, निळ्या खुर्च्या, पाण्याचे जार, पुढे टेबलावर साहेब, मागे पोलीस. पहिल्या चार रांगा सकाळीच भरलेल्या. ज्यांना गाडीतनं आणलं होतं ते टाळ्या वाजवायला तयार होते. वस्तीतली माणसं मंडपाच्या कडेला, उन्हात. एक म्हातारी उठली आणि राखेबद्दल बोलायला लागली. वाळवण घातलं की पापडावर राख बसते, नातवाला रात्री दम लागतो. साहेब म्हणाले, "आजी, मुद्द्याचं बोला." मित्रांनो, त्या सबंध दिवसात त्या मंडपात मुद्द्याचं तेवढंच एक बोलणं झालं होतं. मग एक जण इंग्रजी मिसळून रोजगारनिर्मितीवर वीस मिनिटं बोलला. त्याला कुणी मुद्दा विचारला नाही. आमच्यातला एक उठला तर त्याला "लेखी द्या" सांगण्यात आलं. लेखी दिलं. पोच मागितली तर साहेबांचा शिपाई म्हणाला, पोच कशाला, विश्वास नाही का?

शब्द बघा, 'सुनावणी'. आपल्या मराठीत शिक्षा सुनावतात. खडे बोल सुनावतात. सुनावणं म्हणजे ऐकणं नव्हे, ऐकवणं. ज्यानं कुणी हा शब्द योजला त्याला मराठी चांगलं येत असलं पाहिजे.

ती अधिसूचना मी वाचली. इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, आठ सुट्ट्या गेल्या. नाटकाची संहिता वाचावी तशी वाचली. पात्रं कोण? जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस, प्रकल्पवाला. आणि 'स्थानिक बाधित व्यक्ती'. म्हणजे सगळं गाव मिळून एक पात्र. पाटील आणि मातंगवस्तीतली विधवा, दोघं एकाच खुर्चीत. गावकूस नावाची गोष्ट या संहितेला माहीत नाही. वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, ३० दिवस आधी. अहवाल ठेवायचा कुठं? जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात, पंचायतीत. शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत, त्याचा सारांश तेवढा स्थानिक भाषेत. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. २९ मे २०२३ ला कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी सुनावणी झाली, नागपूरच्या मे महिन्यात. रोजंदारीवरच्या माणसानं त्या उन्हात रोज बुडवून तिथं जायचं, ते सुद्धा केवळ बोलायला.

एक गोष्ट मात्र त्या संहितेत आपल्या कामाची आहे, ती लिहून ठेवा. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करायचं असतं आणि शेवटी काय काय नोंदलं ते सभेला स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. आम्ही होतो त्या दिवशी संध्याकाळी साहेबांना घाई होती. मंडप रिकामा झाला. वाचून दाखवा, असं म्हणायला आमच्यातला एकही थांबला नाही, कारण आम्हाला ते माहीत नव्हतं. शेवटची एस.टी. पकडायची होती. आजीची राख इतिवृत्तात आली की नाही, हे म्हणून आजही मला ठाऊक नाही.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे तर २०२० चं सांगतो. ती अधिसूचना बदलण्याचा मसुदा केंद्रानं काढला. सूचनेच्या ३० दिवसांचे २० करायचे त्यात होतं. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. देश टाळेबंदीत. ३० जून २०२० ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करा. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, कशाला, तर भाषांतर करायला लागू नये म्हणून! मला तर यातच सगळं कळतं. ज्याला तुमचं मत खरंच पाहिजे तो तुमच्या भाषेत विचारायला कोर्टात जाऊन नकार देत नाही. पण आपणही भोळे होऊ नये. समजा मराठी झालं, तरी कुठलं मराठी? संनियंत्रण, उपशमन, प्रचालन, प्रभावक्षेत्र. हे मराठी माझ्या मामाला इंग्रजीपेक्षा परकं. इंग्रजी निदान टीव्हीवर ऐकलेलं असतं. बामणी मराठीविरुद्ध आपल्या लेखकांनी साठ-सत्तर साली बंड केलं, १९७२ ला गोलपिठा आलं, कथा-कवितेची भाषा बदलली. पण शासनाच्या कागदाची भाषा आपण तशीच सोडली. ती आपल्याला वाङ्मय वाटलीच नाही. खरं तर माणसाच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारं वाङ्मय तेच.

वीज नियामक आयोगाचंही थोडं सांगतो. २००३ च्या वीज कायद्यानं दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. कुणीही हरकत देऊ शकतो, तुम्ही, मी. सुनावण्या विभागाच्या गावी होतात. तिथं उद्योगवाले वकील घेऊन येतात, मोठे शेतकरी येतात, पुण्याच्या प्रयाससारखी अभ्यासू संस्था येते. झोपडपट्टीत एका मीटरवर चार खोल्या चालतात आणि त्यामुळे गरिबाचं युनिट वरच्या दराच्या टप्प्यात जातं, हे सांगायला आपल्यातला कोण जातो? आपण निळे झेंडे घेऊन वाढीव बिलाची होळी करतो, दुसऱ्या दिवशी बिल भरतो. बिल जिथं ठरतं तिथं आपण नसतो.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं त्यांनी जे मांडलं त्याचं सार असं, की अस्पृश्यांची मतं दुसऱ्या कुणी मांडली म्हणजे अस्पृश्यांना प्रतिनिधित्व मिळालं असं होत नाही, माणूस स्वतः तिथं पाहिजे. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, आपल्या वयाचे. पुढं १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडं होती. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढं ते बोलले, तेव्हा प्रश्न वीजनिर्मितीच्या तंत्रापाशी थांबवला नाही. वीज कशाला पाहिजे, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, मालकी राज्याची की खाजगी, आणि तिच्यातून उद्योग उभे राहून दारिद्र्याच्या चक्रातून माणूस सुटेल का, असा तो विचार होता. आपल्याकडं त्यांचा कोट दाखवतात, पुस्तक दाखवतात, बोट दाखवतात. विजेच्या फायलीवर सही करणारा त्यांचा हात कुठल्या पुतळ्यात दिसत नाही. आपल्या कवितेतही नाही. आपण त्यांना सूर्य केलं आणि ते वीजमंत्री होते हे विसरलो.

आणि महाड. महाडचं आपण वर्णन करतो ते पाणी पिण्याचं. पण आधीची दोन पानं वाचा. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागदावर. पुढं तीन वर्षं एकाही अस्पृश्याला पाणी नाही. म्हणजे तेव्हाही सोय होती! 'सहभागाची तरतूद' होती! त्या तरतुदीला अर्थ आला तो माणसं तळ्यावर चालत गेली त्या दिवशी. मार खाल्ला, डोकी फुटली, आणि नंतर कोर्टात दहा वर्षं कागद लढवले. चालणंही केलं आणि कागदही सोडला नाही. आपण चालणं घेतलं, कागद वकिलावर सोडला.

परवा एका मित्राशी यावरून भांडण झालं. तो म्हणाला, तू कविता सोडून तलाठ्याचं दप्तर वाचायला लागलास, विद्रोह संपला तुझा. मी म्हणलं, गड्या, एक-ई चा उतारा ही मी वाचलेली सगळ्यात विद्रोही कविता आहे. त्यात नाव असलेला माणूस सरकारच्या जमिनीवर उभा राहून सरकारलाच सही करायला लावतो. तो हसला. त्याला विनोद वाटला. त्याचं बरोबरही असेल. दप्तर वाचून कविता सुकते हे मला जाणवतंय. दोन महिन्यांत एक ओळ नाही झाली. पण सूर्यावर अजून एक ओळ लिहिण्यापेक्षा न झालेली बरी.

आता मामाच्या गावाचं काय ते सांगून थांबतो, संपादकानं पानं मोजून दिलीत.

ठराव झालाय असं गावात ऐकू आलं. कधी झाला? तर ग्रामसभेत. आमच्या वस्तीतल्या एकालाही आठवेना. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. पण माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. या युक्तीवर निम्मा महाराष्ट्र चाललाय. आम्ही माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची नक्कल मागितली. अजून आलेली नाही. एक-ई ची नक्कल मागितली, ती मिळाली. आज्याचं नाव नाही, पण शेजारच्या तुकड्यावर वस्तीतल्या दुसऱ्या दोघांची नावं आहेत, १९८९ सालची. दोघंही वारलेले. त्यांची पोरं पुण्याला. त्यांना फोन लावले.

मामी यात कुठं नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही, हे कबूल करतो. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते असं मी जेवताना मामाला सांगत होतो. ती भाकरी टाकत होती. दुसऱ्या महिन्यात वस्तीतल्या अकरा बाया घेऊन महिला सभेला गेली. तिथं नेहमी तिघी-चौघी असतात आणि बचत गटाच्या सह्या होतात. ही उभी राहिली आणि म्हणाली, "सोलरचं लिवा."

ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, तो विषय आज पत्रिकेवर नाही."

"मग पत्रिकेवर घ्या. आमी बसतो तवर."

"असं लगेच घेता येत नाही."

"मोजायला आले तवा आमाला लगेच उठिवलं. तवा कुटली पत्रिका व्हती?"

बाया दुपारपर्यंत बसल्या. शेवटी त्यांनी अर्ज लिहून घेतला. तीन मागण्या. कसणाऱ्यांची नावं पंचासमक्ष लिहा. त्यांचं ठरल्याशिवाय खुंटीच्या पुढं काम नको. आणि प्रकल्प झालाच तर पंचायतीला मिळणाऱ्या ५ लाखांचं काय करायचं ते वस्तीला विचारून ठरवा, भाड्यात कसणाऱ्याचा वाटा धरा. तिसरी मागणी मामीची. मला ती सुचली नव्हती. मी नुसता विरोध लिहून ठेवला होता. पोच घेतली, तारखेसह, शिक्क्यासह. ती पोच आता आज्याच्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या टाकून.

विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायचं ठरलंय. मी दोन दिवसांची रजा टाकली आहे. जॉबर कुरकुरला. ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या रात्री यावं, वस्तीवर झोपायची सोय होईल. येताना कविता आणू नका. कोरे कागद आणि कार्बन आणा.